गिरमिट ते अकामा

सुताराच्या हत्यारपेटीत गिरमिट नावाचे एक लहानसे हत्यार असते. लाकडाला भोक पाडावयाचे असले म्हणजे सुतार त्याचे टोक फळीवर टेकवितो आणि मूठ फिरवू लागतो. घाव पडत नाही, ठिणगी उडत नाही, फारसा आवाजही होत नाही. पण फेऱ्यामागून फेरा घेत ते टोक लाकडात उतरत जाते आणि अखेर आरपार निघते. याच उच्चाराचा दुसरा एक शब्द एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील मजुरांच्या तोंडी आला. मॉरिशस, नाताळ, फिजी आणि वेस्ट इंडीज येथील उसाच्या मळ्यांवर पाच वर्षे काम करण्याच्या ज्या करारावर त्यांचा अंगठा घेतला जाई, त्याला इंग्रज 'ॲग्रीमेंट' म्हणत; मजुराने त्याचे 'गिरमिट' केले आणि तो स्वतः 'गिरमिटिया' झाला. उत्पत्तीच्या दृष्टीने या दोन शब्दांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु निमूटपणे आत शिरणारे ते हत्यार आणि माणसाच्या आयुष्यात निमूटपणे उतरत जाणारा तो कागद यांना भाषेने एकच नाव द्यावे, हा योगायोग मोठा बोलका म्हणावा लागेल.

गिरमिटाची पद्धत जाऊन शंभर वर्षे उलटली. परंतु पोटासाठी समुद्र ओलांडणाऱ्या माणसाचा कागदाशी असलेला संबंध काही सुटला नाही. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांतून, गोव्यातून, केरळ-तेलंगणातून आणि बिहार-उत्तर प्रदेशातून जे लाखो लोक इराणी आखाताच्या अरब देशांत कामाला जातात, त्यांच्या बोलण्यात गिरमिटाऐवजी दुसरे शब्द रुळले आहेत. राहण्याच्या परवान्याला ते 'अकामा' म्हणतात, जामीन राहणाऱ्या मालकाला 'कफील' म्हणतात आणि देश सोडून जाण्याला 'खुरूज' म्हणतात. हे शब्द अरबी आहेत. पण गावी परतलेल्या माणसाच्या ओटीवर बसून ते ऐकले म्हणजे त्यांतील भीती मात्र ओळखीची वाटते.

परक्या देशात काम करू इच्छिणाऱ्या माणसाला सामान्यतः तीन प्रकारच्या अनुज्ञा लागतात: देशात पाऊल ठेवण्याची, तेथे राहण्याची आणि तेथे काम करण्याची. या तीन गोष्टी वरकरणी एकच वाटल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या वेगळ्या आहेत. एखाद्याला राहण्याची परवानगी असते, पण कामाची नसते. एखाद्याला कामाची असते, पण ती एकाच मालकाकडे आणि एकाच हुद्द्यावर. आपल्या भूमीवर कोणी यावे आणि कोणत्या अटींवर यावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्र आपल्याकडे ठेवते आणि त्यात वावगे काही नाही. इतकेच नव्हे, तर परवाना ही कामगाराचीही ढाल असते. ज्याच्यापाशी कायदेशीर कागद आहे, त्याला मजुरी थकली तर न्यायालयाची पायरी चढता येते, आजारपणात इस्पितळात जाता येते, बँकेतून घरी पैसे पाठविता येतात. ज्याच्यापाशी तो नाही, त्याला आपल्यावर झालेल्या अन्यायाची तक्रार करण्यासाठी आधी स्वतःचा अपराध कबूल करावा लागतो. तेव्हा कागद असावा की नसावा हा वाद नाही. तो कागद कोणाच्या हाती असावा आणि तो रद्द करण्याची सत्ता कोणाला असावी, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न किती जुना आहे, हे पाहण्यासाठी मॉरिशसकडे वळावे लागते. १८३४ साली तेथे हिंदी मजुरांची करारबद्ध भरती सुरू झाली. पुढील काळात कलकत्ता आणि मद्रास यांच्याबरोबर मुंबई बंदरातूनही मजूर गेले आणि त्यांत कोकणातील व घाटावरील मराठी माणसे होती; त्यांचे वंशज आजही त्या बेटावर मराठीपण जपून आहेत. कराराची मुदत संपलेल्या मजुराला तेथे 'जुना स्थलांतरित' म्हणत. कायद्याने तो मोकळा झालेला असे. पण मोकळा मजूर मळेवाल्याला परवडत नाही, म्हणून १८६७ च्या मजूर कायद्याने या मोकळ्या माणसावर छायाचित्र चिकटविलेला पास जवळ बाळगण्याची सक्ती केली. पास घरी राहिला, पावसात भिजला वा हरवला, तर पोलीस त्याला भटक्या ठरवून पकडू शकत. कोठडीतून सुटण्याचा सोपा मार्ग एकच उरे, पुन्हा एखाद्या मळ्याचे गिरमिट पत्करणे! १८७१ साली ९,४०१ जुन्या स्थलांतरितांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. आडोल्फ द प्लेवित्झ या गोऱ्या मळेवाल्याने त्यांना त्या कामी साहाय्य केले आणि त्याबद्दल आपल्याच जातभाईंचा रोष ओढवून घेतला. त्या अर्जाची दखल घेऊन शाही चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला.

त्या काळातील दप्तरे आणि छायाचित्रे मॉरिशसमधील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. ज्या कागदाने आजोबांना जखडले, त्याच कागदावरून नातवंडे आता हिंदुस्थानातील आपल्या गावाचा शोध घेतात. कागद तोच आहे. तो पूर्वी पोलिसाने पाहण्यासाठी होता, आता वंशजाने पाहण्यासाठी आहे.

नाताळची कथा याहून कठोर आहे. १८६० साली पहिले हिंदी मजूर तेथे उतरले. पाच वर्षांची मुदत संपल्यावर अनेकांनी तेथेच जमीन कसली, भाजी पिकविली, लहानसहान दुकाने थाटली. वसाहतीला त्यांचे हात हवे होते, पण शेजार नको होता. १८९५ च्या कायद्याने असे ठरले की, करार संपलेल्या मजुराने एक तर मायदेशी परतावे, नाही तर पुन्हा करार करावा. आणि मोकळा माणूस म्हणून राहावयाचे असेल, तर राहण्याच्या परवान्याबद्दल दरसाल तीन पौंड भरावेत. वसाहतीच्या सरकारची मूळ मागणी तर पंचवीस पौंडांची होती. हिंदुस्थान सरकारने ती तीन पौंडांवर आणली आणि संमती दिली. या तीन पौंडांचा अर्थ समजण्यासाठी एक लहानसा हिशेब पुरेसा आहे. गिरमिटियाला पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग मजुरी मिळे आणि पाचव्या वर्षी ती चौदा शिलिंगांपर्यंत जाई. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग. याचा अर्थ असा की, नुसते राहण्याचे मोल पहिल्या वर्षाच्या दराने सहा महिन्यांच्या मजुरीइतके होते. पुढे हा कर सोळा वर्षांवरील मुलांवर आणि तेरा वर्षांवरील मुलींवरही लादण्यात आला. चौघांच्या कुटुंबाला बारा पौंड! मोकळे राहणे इतके महाग करून ठेवावे की माणसाने आपण होऊन पुन्हा गिरमिटाकडे यावे, असा हा बेत होता.

या प्रश्नावर हिंदुस्थानात ज्यांनी सातत्याने आवाज उठविला, त्यांत गोपाळ कृष्ण गोखले अग्रभागी होते. १९१० साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात नाताळला मजूर पाठविणे बंद करण्याचा ठराव मांडला आणि पुढील वर्षी ती भरती बंद झाली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी गिरमिटाची पद्धतच सर्वत्र बंद करावी असा ठराव आणला. तो सरकारी बहुमताने फेटाळला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस, प्रकृती ठीक नसताना, ते दक्षिण आफ्रिकेत गेले. बोथा आणि स्मट्स यांच्या भेटीनंतर तीन पौंडांचा कर रद्द होईल अशी त्यांची समजूत झाली होती. ती खोटी ठरली. त्यानंतर नाताळच्या कोळशाच्या खाणींतील मजुरांनी संप पुकारला आणि ६ नोव्हेंबर १९१३ रोजी दोन हजारांहून अधिक स्त्री-पुरुष व मुले गांधीजींच्या मागोमाग ट्रान्सव्हालची सीमा ओलांडून चालू लागली. परवान्याशिवाय सीमा ओलांडणे हा गुन्हा होता. मोकळेपणाने राहता यावे म्हणून त्या माणसांनी हा गुन्हा जाणूनबुजून केला. १९१४ साली तो कर रद्द झाला. गिरमिटाची सर्वत्र समाप्ती पाहण्यास गोखले राहिले नाहीत. १९१७ साली भरती थांबली आणि १९२० च्या पहिल्या दिवशी फिजीतील उरलेली गिरमिटे रद्द करण्यात आली.

याच लढ्यातील एक बारकावा येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. १९०८ च्या जानेवारीत ट्रान्सव्हालच्या हिंदी लोकांनी स्वेच्छेने नावनोंदणी करावी आणि सरकारने सक्तीचा कायदा मागे घ्यावा, अशी तडजोड झाली. नोंदणीचा दाखला तोच, बोटांचे ठसेही तेच. तरीही गांधीजी आपण होऊन ते देण्यास निघाले. कायदा मागे घेतला गेला नाही, तेव्हा ऑगस्टमध्ये जोहान्सबर्ग येथे त्याच दाखल्यांची होळी करण्यात आली. त्यांचे भांडण कागदाशी नव्हते, कागदामागील सक्तीशी होते. परवान्याच्या प्रश्नाची इतकी नेमकी उकल क्वचितच कोणी केली असेल.

आता आखाताकडे येऊ. खनिज तेलापूर्वी त्या किनाऱ्याची श्रीमंती मोत्यांत होती आणि त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबईत होती. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला नाखवा म्हणतात, त्याला तिकडे नाखुदा म्हणत. पाण्यात बुडी मारणाऱ्या परदेशी पाणबुड्याची जबाबदारी त्या नाखुद्यावर असे. परक्या माणसासाठी स्थानिक माणसाने जामीन राहावे, ही चाल अशा व्यवहारांतून आणि त्या काळच्या इंग्रज अंमलदारांच्या नियमांतून पक्की होत गेली, असे अभ्यासक मांडतात. अरबी भाषेत 'कफाला' म्हणजे जामीनकी. मुळात हा शब्द संरक्षणाचा आहे; अनाथ मुलाच्या सांभाळालाही तोच शब्द लावतात. पण १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, रस्ते, बंदरे आणि शहरे उभारण्यासाठी लाखो हात लागले आणि पाच-पन्नास पाणबुड्यांच्या जामीनकीची ही पद्धत लाखो कामगारांवर लागू झाली. परक्यांवर देखरेख ठेवण्याचे सरकारचे काम एक प्रकारे खासगी मालकांकडे सोपविण्यात आले. संरक्षक तोच मालक आणि मालक तोच पहारेकरी, अशी स्थिती निर्माण झाली.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालत आली, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, राजापूर तालुक्यातील एक सुतार इमारतीच्या कामावर जाण्यास निघाला आहे. मुंबईच्या दलालाला देण्यासाठी त्याने कर्ज काढले आहे. येथे त्याने ज्या पगाराच्या कागदावर सही केली, तो पगार तेथे पोचल्यावर बदलतो; अरबी भाषेतील दुसरा करार पुढे येतो आणि परत फिरण्याइतके पैसे खिशात नसल्यामुळे तो त्यावरही सही करतो. 'सुरक्षित राहावे म्हणून' त्याचा पारपत्र मालकाच्या कपाटात जातो. त्याच्या अकाम्यावर मालकाचे नाव असते आणि त्याचे नूतनीकरण मालकानेच करावयाचे असते. मालकाने टाळाटाळ केली, तर मुदत संपते. पण दंड होण्याची आणि पकडले जाण्याची पाळी मात्र सुताराची. पगार चार महिने थकला म्हणून तो दुसरीकडे काम धरू पाहील, तर मालक 'कामगार पळून गेला' अशी नोंद करू शकतो. एका नोंदीने त्याचे राहणे बेकायदेशीर ठरते. बरे, सगळे सोडून घरी परत यावे, तर कित्येक वर्षे काही देशांत मालकाच्या संमतीशिवाय देशाबाहेर पडण्याचीही अनुज्ञा मिळत नसे. आई वारली अशी तार आली, तरी आधी कफिलाची सही. या सर्व प्रसंगांत कोणी त्याला साखळदंड घातलेले नसतात. गिरमिटाचे टोक मात्र आत उतरत असते.

यातूनच 'आझाद व्हिसा' नावाचा विलक्षण प्रकार जन्मास आला. एखादा स्थानिक मनुष्य आपल्या नावावर परवाने काढतो, प्रत्यक्षात काम देत नाही आणि ते परवाने विकतो. विकत घेणारा कामगार बाहेर मिळेल ते काम करतो व कफिलाला दरसाल रक्कम पोचवितो. त्याच्याजवळ राहण्याचा कागद खरा असतो, पण ज्याच्याकडे तो काम करतो त्याचे नाव कागदावर नसल्यामुळे त्याचे काम बेकायदेशीर असते. ज्या परवान्याला तो आझाद म्हणतो, त्यानेच त्याला रोज पोलिसांची गाडी दिसताच गल्लीत वळावयास लावले. ज्यांच्याजवळ हाही कागद उरला नाही, त्यांना तिकडील बोलीत 'खल्लीवल्ली' म्हणतात. सोडून द्या, असू द्या, अशा अर्थाचा तो उद्गार आहे. एका जिवंत माणसाच्या वर्गवारीचे नाव म्हणून तो ऐकताना अंगावर काटा येतो.

हे धोके केवळ एकट्यादुकट्याचे नाहीत. सौदी अरबस्तानने आपल्या नागरिकांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून २०११ मध्ये नवे नियम केले आणि २०१३ मध्ये कागद दुरुस्त करून घेण्याची सवलतीची मुदत दिली, तेव्हा लाखाहून अधिक भारतीय मायदेशी परतले. २०१६ च्या उन्हाळ्यात त्याच देशात मोठ्या बांधकाम कंपन्यांची कामे थंडावली आणि हजारो भारतीय कामगार महिनोन्महिने पगाराविना छावण्यांत अडकून पडले. उपाशी माणसांना अन्न पोचविणे दूतावासाला शक्य झाले. परंतु त्यांना घरी आणण्यासाठी केवळ विमान पुरेसे नव्हते. ज्या मालकाने पगार दिला नव्हता, त्याच्याच सहीची आवश्यकता होती. अखेर सौदी सरकारने ही अट शिथिल केली, देश सोडण्याचे परवाने दिले आणि कोंडी फुटली. दाराला कुलूप नसतानाही माणूस कसा कोंडला जातो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

तथापि आखातातील राज्ये या बाबतीत अगदी स्वस्थ बसली आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बहारीनने २००९ साली मालकाच्या संमतीशिवाय काम बदलण्याची मुभा दिली. दोन वर्षांनी मात्र एक वर्ष त्याच मालकाकडे काढण्याची अट त्याला जोडली. संयुक्त अरब अमिरातींनी २००९ पासून पगार बँकेमार्फत देण्याची व्यवस्था अमलात आणली. कतारने २०१८ साली बहुसंख्य कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवान्याची अट काढून टाकली आणि २०२० साली घरकाम करणाऱ्यांनाही ती सवलत दिली. त्याच वर्षी काम बदलताना मालकाचा ना-हरकत दाखला आणण्याची अटही तेथे गेली आणि सर्वांसाठी दरमहा एक हजार रियाल हे किमान वेतन ठरविण्यात आले. सौदी अरबस्तानने १४ मार्च २०२१ पासून ठराविक अटींवर काम बदलण्याची आणि देशाबाहेर जाण्याची मोकळीक दिली. परंतु घरगुती नोकर, शेतमजूर, वाहनचालक यांना त्या सुधारणेतून वगळले. ज्यांचे काम बंद दाराआड चालते आणि ज्यांना संरक्षणाची सर्वांत अधिक गरज असते, तेच नेमके बाहेर राहिले. शिवाय वाट नेहमी पुढेच जाते असेही नाही. कुवेतने १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातील परदेशी कामगारांवर देश सोडण्यापूर्वी मालकाच्या संमतीची नोंद घेण्याची सक्ती केली. जो नियम एका राज्याने टाकून दिला, तो दुसऱ्याने उचलून घेतला.

परवान्याचा हा प्रश्न केवळ वाळवंटातला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीला कामगारांची चणचण भासू लागली, तेव्हा तिने १९५५ साली इटलीशी, १९६० साली स्पेन व ग्रीसशी आणि १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून माणसे बोलाविली. त्यांना 'पाहुणे कामगार' असे गोड नाव देण्यात आले. ठराविक काळ काम करावे, मग परत जावे आणि त्यांच्या जागी दुसऱ्याने यावे, अशी मूळ योजना होती. परंतु कसबी कामगाराला दर दोन वर्षांनी निरोप देणे खुद्द कारखानदारांनाच परवडेना आणि मुदतीची अट ढिली झाली. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये नवी भरती बंद झाली. आता परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे ओळखून अनेकांनी बायकामुलांना बोलावून घेतले. पाहुणे शेजारी झाले. तेथील न्यायालयांनी व कायद्याने दीर्घकाळ राहिलेल्या माणसाचे हक्क हळूहळू मान्य केले आणि २००० सालापासून परदेशी आईबापांच्या पोटी तेथे जन्मलेल्या मुलांना विशिष्ट अटींवर जन्मानेच नागरिकत्व मिळू लागले. यातून निष्पन्न होणारा धडा साधा आहे: श्रम हे माणसापासून सोलून वेगळे काढता येत नाहीत. श्रम मागविले की त्याबरोबर माणसाचे आजारपण, संसार आणि म्हातारपण ही येणारच.

आखातात हा धडा वेगळ्या रीतीने गिरविला जात आहे. तेथे तीस-तीस वर्षे राहिलेला कामगारही कायद्याच्या दृष्टीने तात्पुरताच असतो. नोकरी संपली की राहणेही संपते. २०१९ साली सौदी अरबस्तानने कफिलाशिवाय कायमचे राहण्याचा विशेष परवाना सुरू केला. त्याची किंमत आठ लाख रियाल ठेवण्यात आली. अमिरातींनीही भांडवलदार आणि निवडक गुणवंतांसाठी दीर्घ मुदतीचे परवाने काढले. म्हणजे कायमचे राहणे अशक्य आहे असे नाही. ज्यांनी ती शहरे उभारली त्यांच्या आवाक्यात ते नाही, इतकेच. नाताळच्या तीन पौंडांची आठवण येथे आल्याखेरीज राहत नाही.

दुसऱ्यांच्या घराकडे बोट दाखविताना आपल्या उंबऱ्याकडेही पाहिले पाहिजे. परदेशी जाणाऱ्या मजुरांच्या रक्षणासाठी आपल्याकडे १९२२ साली आणि नंतर १९८३ साली कायदे झाले. 'उत्प्रवासी संरक्षक' या अधिकाऱ्याचे पद तर गिरमिटाच्या काळापासून चालत आलेले आहे. दहावी न झालेल्या माणसाने आखातादी ठराविक देशांत कामाला जाताना या अधिकाऱ्याची अनुज्ञा घ्यावी, दलालाने नोंदणी करावी व तीस हजार रुपयांपेक्षा अधिक शुल्क घेऊ नये, तीस वर्षांखालील स्त्रीला त्या देशांत घरकामासाठी पाठवू नये, असे नियम करण्यात आले. अलीकडच्या काळात करारांची नोंद संगणकावर होऊ लागली आणि जाणाऱ्यांसाठी विम्याची योजनाही आली. परंतु नियम जितका कडक, तितकी त्याला वळसा घालणारी पायवाट रुळलेली. कामाऐवजी सहलीच्या परवान्यावर माणसे रवाना करावयाची आणि तेथे पोचल्यावर 'कागद करून देऊ' असे सांगावयाचे, ही त्यांतील सर्वांत घातक पायवाट होय. अशा माणसाची नोंद येथे नसते आणि तेथेही नसते. संकट आले तर त्याला शोधावयाचे कोठे? स्त्रियांवरील बंदीचे तर असे झाले की, संरक्षणासाठी घातलेल्या कुंपणाने अनेकींना चोरवाटेने जावयास लावले. १९९० साली संयुक्त राष्ट्रांनी स्थलांतरित कामगारांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा करारनामा संमत केला आणि २००३ साली तो अमलात आला. त्याला मान्यता देणाऱ्यांत श्रीलंका, फिलिपीन्स, मेक्सिको यांसारखे माणसे पाठविणारे देशच मुख्यतः आढळतात. भारताने मात्र त्याला मान्यता दिली नाही आणि आखातातील राज्यांनीही दिली नाही. पाठविणारा आणि बोलाविणारा दोघेही दूर राहिले, तर मध्ये उभ्या असलेल्या माणसाने कोणाकडे पाहावे?

तरीही जाणारा माणूस अगदीच निःशस्त्र नाही. पारपत्र ही भारत सरकारची मालमत्ता आहे, हे १९६७ च्या पारपत्र कायद्याने स्पष्ट केले आहे. ती कोणा खासगी मालकाने कुलपात ठेवण्याची वस्तू नव्हे आणि आखातातील कायदेही तशी मुभा देत नाहीत. त्याच साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्णय दिला. परवान्यावर जो हुद्दा आणि ज्या मालकाचे नाव आहे तेच कराराच्या कागदावर आहे की नाही हे निघण्यापूर्वी ताडून पाहणे, कराराची व पारपत्राची एकेक प्रत घरच्या पेटीत ठेवणे, परवान्याची मुदत केव्हा संपते हे मालकावर विसंबून न राहता स्वतः ध्यानात ठेवणे आणि दलालाला दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती मागणे, या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण आजवर जे अडकले, त्यांतील कित्येकांची सुटका अशाच एखाद्या कागदाच्या तुकड्याने झाली आहे. घरच्या माणसांनीही पाठविलेल्या पैशाबरोबर पाठविणाऱ्याच्या परवान्याची चौकशी करण्याची सवय लावून घेतली, तर ते त्याच्यावरील उपकारच होतील.

कोणत्याही देशाची परवान्याची व्यवस्था न्याय्य आहे की नाही, हे पारखण्यास मोठ्या कायदेपंडिताची गरज नाही. तीन साधे प्रश्न पुरे आहेत. मालकाने मजुरी थकविली, तर त्या कामगाराला राहण्याचा हक्क न गमावता दुसऱ्या मालकाकडे जाता येते काय? त्याने तक्रार केली, तर निकाल लागेपर्यंत त्याला त्या देशात निर्भयपणे थांबता येते काय? आणि घरी कोणी आजारी पडले, तर कोणाच्या सहीवाचून त्याला परत येता येते काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर तो परवाना. एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर त्या कागदावर कोणत्याही भाषेत काहीही लिहिलेले असो, ते गिरमिटच होय.

सुताराचे गिरमिट लाकडात शिरते, ते सांधा जुळविण्यासाठी. भोक पाडून झाले की सुतार ते उलट फिरवून बाहेर काढतो आणि पेटीत ठेवतो. परदेशातील काम आणि तेथील परवाना यांचेही असेच असावे. दोन देशांचा सांधा जुळावा, एका घरावर कौले चढावीत, दुसऱ्या देशात एक इमारत उभी राहावी. आणि काम संपल्यावर माणसाला आपल्या इच्छेने तेथे राहता यावे किंवा आपल्या पायांनी परत यावे. मूठ मात्र त्याच्या स्वतःच्या हातात असली पाहिजे.